ढाल, फीट की स्ट्रेंग्थ? लेव्हल ४ च्या फायटरचं गणित, घाव मोजून

प्रश्न थोडक्यात असा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. साधा ह्यूमन फायटर, चौथी लेव्हल आत्ताच लागली आहे, पाचवी दोन-तीन सेशनवर. स्ट्रेंग्थ १६, अंगात चेन मेल, हातात ग्रेटस्वोर्ड. बरोबर एक क्लेरिक (देवाच्या नावाने मंत्र टाकणारा), एक विझर्ड (जादूगार) आणि एक रोग (लपूनछपून वार करणारा; हा शब्द देवनागरीत लिहिताना दर वेळी वाटतं की पार्टीला डॉक्टर हवा). आता स्ट्रेंग्थ १८ करावी, ग्रेट वेपन मास्टर ही फीट (खास कौशल्य) घ्यावी, की लाँगस्वोर्ड आणि ढाल घेऊन टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) व्हावं? आणि गावकरी म्हणतात पुढच्या जंगलात ट्रोल आहे, तर त्याच्यासमोर कसं लढावं?

नमनाला घडाभर तेल नको, आधी उत्तर देतो. स्ट्रेंग्थ १८ आत्ता घ्या. फायटरला सहाव्या लेव्हललाच स्ट्रेंग्थ किंवा फीट घेण्याची पुन्हा एक संधी मिळते, इतर क्लासना त्यासाठी आठवीपर्यंत थांबावं लागतं. फीट तेव्हा घ्या. ढालीचा विचार वाईट नाही, पण त्याचं उत्तर तुमच्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) स्वभावावर अवलंबून आहे, ते खाली सांगतो. ट्रोलचं उत्तर तर तुमच्या तलवारीत नाहीच.

आता हे का, ते सांगतो. मी बरीच वर्षं डीएमच्या खुर्चीत बसतो आहे आणि या तीन पर्यायांवरून माझ्या टेबलावर जितकी भांडणं झाली तितकी लुटीच्या वाटणीवरूनही झाली नसतील.

हिशोब पाचव्या लेव्हलचा करू, कारण तुम्ही बराच काळ तिथे असणार. प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) +३ होते आणि एका टर्नला दोन वार मिळतात. स्ट्रेंग्थ १८ असेल तर वाराला +७, म्हणजे वीसच्या फाशावर जे येईल त्यात ७ मिळवायचे. समोरच्याची एसी (वार लागायला गाठावा लागणारा चिलखताचा आकडा) १५ धरली तर फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे २० पैकी १३ निकाल तुमच्या बाजूचे, ६५ टक्के. ग्रेटस्वोर्डचे दोन सहाचे फासे, सरासरी ७. तुमची फायटिंग स्टाइल ग्रेट वेपन फायटिंग असेल असं धरतो. तीत १ आणि २ परत टाकता येतात, म्हणून सरासरी ८.३ वर जाते. वर स्ट्रेंग्थचे ४. लागलेला प्रत्येक घाव साधारण १२.३ चा. नॅट २० (फाशावर थेट २०, यालाच क्रिट म्हणतात) आला की फासे दुप्पट, त्याचे प्रत्येक वारामागे सरासरी ०.४ धरा. दोन वारांचे मिळून एका टर्नला १६.९.

आता फीट घेतली असं समजू. ग्रेट वेपन मास्टरमध्ये वाराला उणे ५ घेऊन डॅमेजला अधिक १० मिळतात. पण फीट घेतली म्हणजे स्ट्रेंग्थ १६ वरच राहिली, वाराला +६ आणि घावाला ३. उणे ५ लावल्यावर +१ उरतो. एसी १५ ला १४ किंवा जास्त हवेत, ३५ टक्के. घाव २१.३ चा. दोन वारांचे १५.८. क्रिट लागला किंवा कोणी आडवा झाला तर बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) आणखी एक वार मिळतो. फक्त क्रिटचा भाग धरला तर आकडा १६.५ च्या आसपास जातो.

म्हणजे ज्या फीटसाठी जगभर छाती पिटली जाते, ती तुमच्या फायटरच्या हातात या एसीला स्ट्रेंग्थ वाढवण्यापेक्षा किंचित कमीच देते. मग सगळे तिचं एवढं कौतुक का करतात? कारण ते हिशोब बहुतेक वेळा व्हेरिअंट ह्यूमनचे असतात, ज्याला पहिल्या लेव्हललाच फीट फुकट मिळते. नाहीतर बार्बेरियनचे असतात, ज्याला रेकलेस अटॅकमुळे हवं तेव्हा ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळतो. तुमच्याकडे दोन्ही नाही.

पोलआर्म मास्टर तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. स्ट्रेंग्थ १६, ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं), दोन वार आणि दांड्याचा तिसरा वार. एसी १५ ला सगळं मिळून १५.५. शिवाय कोणी टप्प्यात शिरला की रिॲक्शनने फुकटचा वार. मात्र दर टर्नला बोनस ॲक्शन दांड्यात गेली की सेकंड विंडला (स्वतःला सावरून घेण्याला) त्या टर्नला जागा उरत नाही, हे लक्षात राहू द्या.

आणि ढालवाला? स्ट्रेंग्थ १८, लाँगस्वोर्ड, ड्युएलिंग स्टाइलचे अधिक २. घाव १०.५ चा, दोन वारांचे १४.१. स्टाइल आता बदलता येईल का, ही शंका असेल तर २०२० साली आलेल्या ताशाच्या पुस्तकात (ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) त्यासाठी ऐच्छिक नियम आहे. ज्या लेव्हलला स्ट्रेंग्थ वाढवायची संधी मिळते, त्याच लेव्हलला फायटरला स्टाइल बदलता येते. डीएमने हो म्हणायला हवं.

तर १६.९, १६.५, १५.५ आणि १४.१. पहिल्या तिघांत दीड पॉइंटाचाही फरक नाही. एका फाशावरच्या एका आकड्याइतकी ही गोष्ट. यावर रात्र रात्र स्प्रेडशीट भरत बसणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. मी स्वतः ती भरली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

सरासरी एवढी जवळ असेल तर निवड करायची कशावर? माझी पद्धत अशी: डॅमेजचे पॉइंट बाजूला ठेवायचे आणि समोरच्याला पाडायला किती घाव लागतील ते मोजायचं. राक्षसाला एक एचपी (जिवाचा पॉइंट) उरला असला तरी तो पूर्ण ताकदीने मारतो. बारा एचपीच्या शत्रूला अकरा डॅमेज केलं तर त्या टर्नला तुम्ही काहीच केलेलं नाही. घाव पूर्ण आकड्यातच मोजावे लागतात, पावणेदोन घाव असा प्रकार नसतो.

गॉब्लिन घ्या. एसी १५, एचपी ७. ड्युएलिंगवाल्या लाँगस्वोर्डचा सगळ्यात वाईट घाव म्हणजे फाशावर १ अधिक ४ अधिक २, बरोबर ७. म्हणजे ढालवाल्याचा लागलेला प्रत्येक घाव एक गॉब्लिन आडवा करतो, अपवादच नाही. ग्रेटस्वोर्डवाल्याचंही जवळपास तेच, दोन्ही फाशांवर १ येऊन परत १ च आले तरच गॉब्लिन वाचतो. इथे तिन्ही पर्याय एक घाव दोन तुकडे. मग जो जास्त वेळा लागतो तो चांगला. आणि इथे उणे ५ घेणारा? सातच्या शत्रूला एकवीस मारण्यासाठी तो आपली शक्यता ६० वरून ३५ टक्क्यांवर आणतो. माझ्या टेबलावर एक खेळाडू सहा सेशन हे करत होता. त्याला वाटायचं फासे खराब आहेत. त्याने फासे बदलले, मग फाशांचा ट्रे बदलला, एकदा तर शेजाऱ्याच्या हाताने टाकून बघितले. दोष उणे ५ चा होता.

हॉबगॉब्लिन जरा खट्याळ आहे. एसी १८, एचपी ११, आणि शेजारी साथीदार असेल तर टर्नला एकदा दोन सहाचे फासे जास्तीचं डॅमेज. म्हणजे एकेक हॉबगॉब्लिन लवकर कमी होणं फार महत्त्वाचं. एका वारात तो मरण्याची शक्यता बघा. स्ट्रेंग्थ १८ चा ग्रेटस्वोर्ड: शंभरात सुमारे ४२ वेळा. स्ट्रेंग्थ १६ चा ग्रेटस्वोर्ड साध्या वाराने: ३२. तोच उणे ५ घेऊन: फक्त २०, लागला तर हमखास मेला, पण लागतच नाही. ढालवाला: २७. सरासरी डॅमेजमध्ये जो फरक किरकोळ दिसत होता, तो इथे ४२ विरुद्ध ३२ होतो. सहा हॉबगॉब्लिनच्या टोळीत हा फरक अंगावर येतो.

ओगर उलट्या टोकाला. एसी ११, एचपी ५९. स्ट्रेंग्थ १८ वाल्याला पाच घाव लागतात आणि ८५ टक्के वार बसतात, म्हणजे सुमारे सहा वार. फीटवाला उणे ५ घेऊनही ५५ टक्के बसवतो आणि त्याला तीनच घाव पुरतात, साडेपाच वार. दोघेही एकटेच असते तर तिसऱ्या टर्नला काम उरकतं. ढालवाल्याला सहा घाव, सात वार, म्हणजे चौथ्या टर्नपर्यंत रखडायची भीती. फीटचा खरा फायदा इथे आहे, मोठ्या थोराड आणि मऊ शत्रूंसमोर. पण तुमच्या मोहिमेत असे किती आहेत? पहिल्या चार लेव्हलला तुम्ही कोणाशी लढलात ते आठवा. गॉब्लिन, ओर्क, डाकू, लांडगे असतील तर स्ट्रेंग्थ. ओगर, अस्वलं, जिलॅटिनस क्यूब असतील तर फीटचं पारडं जड.

सहाव्या लेव्हलला फीट आल्यावर उणे ५ कधी घ्यायचं, यासाठी एक सोपी रीत पाठ करून ठेवा. वाराचा बोनस, वजा साध्या घावाच्या सरासरीचा अर्धा, अधिक १६. तुमच्यासाठी ७ वजा ६.२ अधिक १६, म्हणजे १६.८. शत्रूची एसी १६ किंवा कमी असेल तर उणे ५ घ्या, १७ किंवा जास्त असेल तर साधा वार. ॲडव्हान्टेज असेल तर ही रेघ १८ पर्यंत सरकते. एसी माहीत नसते, असं म्हणाल. दोन राउंड लक्ष ठेवा. पार्टीतला कोणाचा १६ लागला, कोणाचा १४ चुकला, एवढ्यात कळतं. मी डीएम असूनही खेळाडूंना हे सांगतो, कारण हे लक्ष ठेवणं हाच निम्मा खेळ आहे.

आता ढाल. चेन मेलची एसी १६, ढालीसकट १८. ओगरचा वार +६ ने येतो, १६ ला तो ५५ टक्के लागतो आणि १८ ला ४५. दहा टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ५५ घावांचे ४५ झाले, म्हणजे खाल्लेल्या माराचा जवळपास पाचवा हिस्सा वाचला. पुढे प्लेट हे आणखी जड चिलखत घेतलंत तर तीच ढाल ४५ चे ३५ करते, पाचव्यापेक्षाही जास्त. ढाल अशी वस्तू आहे की आधीच चिलखत चांगलं असेल तेव्हा ती जास्त मोबदला देते. फाटक्या चिलखतावरची ढाल त्या मानाने कमी कामाची.

पण कागदावरचा टँक आणि टेबलावरचा टँक यांत फरक असतो. राक्षसाला तुम्हालाच मारण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही. एसी १८ चा माणूस समोर उभा आहे आणि मागे झग्यातला विझर्ड हात हलवतो आहे, तर अक्कल असलेला शत्रू कोणाकडे जाईल? तुम्हाला त्याच्यावर जाता जाता एक वार मिळेल, बस्स. ज्या डीएमचे राक्षस जो समोर येईल त्याच्याशी झुंजतात, त्याच्या टेबलावर ढाल सोन्याची. ज्याचे राक्षस डोकं चालवतात, तिथे ढालवाला नुसता सुरक्षित उभा राहतो आणि विझर्ड मरतो. अशा टेबलावर लोकांना तुमच्याकडे बघायला लावायचं असेल तर हातात भीतीदायक काहीतरी हवं, आणि ग्रेटस्वोर्ड ते काम बरं करतो. मी स्वतः मधला डीएम आहे. लांडगे जवळच्याला चावतात, हॉबगॉब्लिन विझर्डला शोधतात.

दोन्ही जवळ ठेवू, लागेल तसं बदलू, हा विचार पहिल्या दिवशी सगळ्यांना सुचतो. ढाल चढवायला किंवा उतरवायला एक अख्खी ॲक्शन जाते. लढाईच्या मध्ये तो धंदा परवडत नाही. दाराबाहेर असतानाच ठरवा.

क्लेरिकशी मात्र आजच बोला. ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तिघांना प्रत्येक वाराला एक चाराचा फासा देतो, म्हणजे सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के जास्त वार लागतात. तुमच्या साध्या ग्रेटस्वोर्डला टर्नमागे ३.१ मिळतात. उणे ५ घेणाऱ्याला ५ च्या वर, कारण त्याचा प्रत्येक घाव मोठा. वर तुम्ही ज्या तीन पर्यायांत डोकं खाजवत आहात त्यांच्यातला फरक यापेक्षा लहान आहे. शिवाय तोच फासा सेव्हिंग थ्रोलाही (संकट टाळण्यासाठी टाकायच्या फाशालाही) मिळतो. मंत्र चालू राहायला क्लेरिकचं कॉन्सन्ट्रेशन टिकायला हवं, म्हणजे क्लेरिकला मार बसू नये हे तुमचं काम. हे कळलेला फायटर आणि न कळलेला फायटर यांत मला तरी एका लेव्हलचा फरक दिसतो.

आणखी एक सोय: तीन-चार जॅव्हलिन पाठीला असू द्या. तीस फुटांपर्यंत नीट जातात, स्ट्रेंग्थच लागते. ग्रेटस्वोर्ड एका हातात धरून दुसऱ्याने फेकता येतो, दोन हात फक्त तलवारीने वार करताना लागतात. उडणाऱ्या शत्रूखाली ग्रेटस्वोर्ड घेऊन नुसता वर बघत उभा राहिलेला फायटर मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता मोजत नाही. कडक डीएम टर्नला एकच जॅव्हलिन उपसू देईल, कारण फुकटात एकच वस्तू हाताळता येते. तरी शून्यापेक्षा एक बरा.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नवं प्लेअर्स हँडबुक आलं. तुमचं टेबल त्यावर गेलं तर वरचा बराच हिशोब विसरा. तिथे ग्रेट वेपन मास्टरमधलं उणे ५ आणि अधिक १० गेलं. त्याऐवजी स्ट्रेंग्थ १ ने वाढते आणि जड शस्त्राच्या घावाला प्रोफिशियन्सी बोनस मिळतो, पाचव्या लेव्हलला ३. तुमची स्ट्रेंग्थ १७ असती तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. शिवाय ग्रेटस्वोर्डला ग्रेझ आहे, चुकलेला वारही स्ट्रेंग्थच्या मॉडिफायरइतका ओरखडा काढतो. मला व्यक्तिशः जुना नियम जास्त आवडायचा. उणे ५ म्हणताना टेबलावर जी शांतता पसरायची ती आता नाही.

राहिला ट्रोल. एसी १५, एचपी ८४, एक चावा आणि दोन पंजे, तिन्ही +७ ने. आणि टर्नच्या सुरुवातीला १० एचपी परत. तुमच्या चेन मेलवर त्याचे ६० टक्के वार बसतील, टर्नला सरासरी १८.६. कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) १४ धरली तर पाचव्या लेव्हलला तुमचे ४४ एचपी. म्हणजे तिसऱ्या टर्नला तुम्ही जमिनीवर, ढाल असेल तर १५.६ प्रमाणे तेही तिसऱ्याच टर्नला, फक्त जरा उशिरा. तुम्ही त्याला टर्नला १६.९ करता, तो १० भरून काढतो, निव्वळ ७. चौऱ्याऐंशी भागिले सात, बारा टर्न. तीन विरुद्ध बारा. ग्रेटस्वोर्ड, फीट, ढाल, काहीही घ्या, एकट्याने हे गणित जुळत नाही.

ते जुळवते आग. आगीचं किंवा ॲसिडचं डॅमेज झालं की ट्रोलच्या पुढच्या टर्नला ते १० येत नाहीत. डॅमेज किती झालं याला महत्त्व नाही, एक पॉइंटही पुरतो. तुमच्या विझर्डकडे फायर बोल्ट हा आगीचा मंत्र असेल तर पाचव्या लेव्हलला त्याचे दोन दहाचे फासे, सरासरी ११. पण ट्रोलसमोर लागलेला प्रत्येक बोल्ट खरं तर २१ चा आहे, तुमच्या दोन वारांच्या सरासरीपेक्षा मोठा. त्यामुळे या लढाईत मुख्य लढवय्या विझर्ड, आणि तुमचं काम ट्रोलला त्याच्यापासून लांब धरून ठेवायचं.

इथे डॉजचा (वार न करता फक्त चुकवत राहण्याचा) विचार करा. तो कोणीच करत नाही, कारण त्यात फासे टाकायचे नसतात. डॉज घेतलात तर ट्रोलचे वार डिसॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान घ्यायचा) येतात, ६० टक्क्यांचे ३६ होतात, १८.६ चे साधारण १०.७. अरुंद जागा असेल, पूल किंवा गुहेचं तोंड, आणि मागून विझर्ड जाळतो आहे आणि रोग बाण मारतो आहे, तर तुमच्या वारांपेक्षा तुमचं उभं राहणं महाग आहे. उघड्या मैदानात मात्र डॉज करू नका. तो तुम्हाला वळसा घालून जाईल.

ढकलून पाडायचा मोह होईल. ट्रोल मोठ्या आकाराचा असला तरी एकच आकार वर आहे, त्यामुळे नियमात बसतं. तुमची ॲथलेटिक्स +७, त्याची +४, जमण्याची शक्यता ६२ टक्के. पण त्यात तुमचा एक वार जातो. पाडून मग ॲडव्हान्टेजने एक वार, सरासरी १०.४. नुसते दोन वार केले असते तर १६.९. बाकीचे तिघेही जवळून मारणारे असते तर भरपाई झाली असती. तुमच्याकडे मागून फायर बोल्ट मारणारा विझर्ड आहे, आणि आडव्या पडलेल्यावर लांबून मारायला डिसॲडव्हान्टेज लागतो. तुम्ही ट्रोलला पाडून त्याला तुमच्याच विझर्डपासून वाचवाल.

ॲक्शन सर्ज (फायटरची जादा ॲक्शन) पहिल्याच टर्नला वापरा. राखून ठेवलेला सर्ज घेऊन मेलेले फायटर पुष्कळ आहेत.

आणि शेवटचा भाग सगळ्यात नीट वाचा, कारण आमच्याकडे तिथेच चुकलं. शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले, एका मोडक्या पुलावर ट्रोल. विझर्ड शून्यावर, बेशुद्ध. फायटरने जीव तोडून तलवार मारली, डॅमेज मोजलं, ट्रोल शून्यावर आला आणि कोसळला. टेबलावर एवढा आरडाओरडा झाला की भडंगाचा डबा उपडा झाला. मी काही बोललो नाही. पुढचा नंबर क्लेरिकचा. ती म्हणाली, "खात्री करून घेते, सेक्रेड फ्लेम." मी विचारलं, "नक्की?" हो म्हणाली. सेक्रेड फ्लेमच्या नावात ज्वाळा आहे, डॅमेज रेडियंट आहे. आगीचं नाही. मग ट्रोलचा टर्न आला, १० एचपी आले, तो उठला आणि त्याने क्लेरिकलाच उचलून आपटलं.

ट्रोल मरतो तो टर्नच्या सुरुवातीला शून्यावर असेल आणि त्या वेळी त्याला एचपी परत मिळाले नाहीत, तरच. म्हणजे तुमचा शेवटचा घाव आणि त्याचा टर्न यांच्या मधे कोणीतरी आग लावायलाच हवी. मधे कोणाचा नंबर आहे हे इनिशिएटिव्हच्या यादीत आधीच बघा, आणि तो माणूस आगवाला नसेल तर शेवटचा घाव मारण्याआधी त्याच्या हातात आग द्या. त्या रात्री क्लेरिकच्या पायाशी विझर्डच्या हातातून पडलेली मशाल जळत होती. पेटत्या मशालीचा घाव आगीचं एक पॉइंट डॅमेज करतो. बेशुद्ध, आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून ॲडव्हान्टेजही मिळतो, चुकणंच अवघड. मशालीची किंमत दुकानात तांब्याचं एक नाणं.

जिवंत ट्रोलवर मात्र तुम्ही स्वतः तलवार सोडून मशाल घेऊ नका. मशालीला बहुतेक डीएम प्रोफिशियन्सी देत नाहीत, +४ ने एसी १५ ला निम्मेच वार लागतील, म्हणजे दहाच्या निम्मे पाच. तलवारीचा तोच वार ८.४ देतो. मशाल रोगला द्या, नाहीतर क्लेरिकला. आमच्या टेबलावर तेव्हापासून प्रत्येकाच्या शीटवर एचपीच्या खाली पेन्सिलने एक रकाना काढलेला असतो: आग कोणाकडे.